भिंतीआडच्या तारेचा माग

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले. २००५ चा पूर पाहिलेल्या जुन्या पेढ्यांनी वह्या, दस्तऐवज आणि उचलता येण्याजोगा माल वरच्या मजल्यावर नेला. पण भिंतीत गाडलेली तार कोणालाही उचलून नेता येत नाही. पाणी ओसरले, गाळ निघाला, आणि दुकाने सुरू करण्याची घाई झाली. ज्या वायरमनला जिथून वाट मिळाली तिथून त्याने नव्या तारा ओढल्या. जमिनीलगतच्या जोडण्या छातीच्या उंचीवर आल्या, छातीच्या उंचीवरच्या आढ्याला गेल्या. जिथे तार कमी पडली तिथे तुकडा जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली गेली. पुढे सवडीने पीओपीचे छत झाले, भिंतींना रंग लागला आणि सारे झाकले गेले. कोणती तार कुठून निघून कुठे जाते हे फक्त ती ओढणाऱ्या माणसाला ठाऊक होते. कागदावर काहीच उरले नाही.

अर्थात ही अवस्था केवळ पूर आलेल्या गावांची नाही. खाली दुकान, मागे गोदाम आणि वर राहते घर अशी रचना असलेल्या कोणत्याही जुन्या पेढीत तीन पिढ्यांच्या तारा एकत्र नांदत असतात. आजोबांच्या काळातील टेलिफोनची जोडतार, वडिलांनी बसवलेले इंटरकॉम, मुलाने आणलेले कॅमेरे आणि बिलाच्या संगणकाची लॅन केबल. नवी तार येते तेव्हा जुनी काढली जात नाही, कारण ती काढण्याची मजुरी कोणी देत नाही. म्हणून गल्ल्यामागच्या कोपऱ्यात धुळीने माखलेला एक जुडगा तयार होतो, आणि एखाद्या दिवशी गल्ला हलवायचा ठरला की सर्वांच्या लक्षात येते की त्यातील निम्म्या तारांची नावे कोणालाच सांगता येत नाहीत.

अशा वेळी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे तोडून पाहणे. संशयित तार पक्कडीने कापायची आणि काय बंद पडते ते बघायचे. काहीच बंद पडले नाही तर ती निकामी होती असा निर्णय द्यायचा. ही पद्धत फुकट असल्यामुळे लोकप्रिय आहे. पण तिच्यामागचा तर्क मुळातच कच्चा आहे. पंख्याची किंवा कॅमेऱ्याची तार तुटली तर ते लगेच कळते. उलट तिजोरीच्या खोलीचा अलार्म, गोदामातील धुराचा संवेदक, आजारी माणसाच्या उशाशी असलेली घंटी यांच्या तारा वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस गप्पच असतात. त्या तुटल्या तरी त्या दिवशी काहीही बंद पडत नाही. ज्या दिवशी त्यांची गरज लागते त्या दिवशीच ते उघडकीस येते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरी पद्धत मल्टिमीटरची. तारेच्या एका टोकाला दोन्ही शिरा एकमेकींना जोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरची शिट्टी वाजते का ते पाहायचे. ही पद्धत प्रामाणिक आहे, परंतु तिला दोन्ही टोके आधी हाती असावी लागतात. दुसरे टोक कुठे आहे हाच जिथे प्रश्न असतो, तिथे तिचा उपयोग होत नाही. शिवाय दोन टोके एकाच तारेची आहेत एवढेच ती सांगते. मधली वाट कोणत्या भिंतीतून गेली हे तिला सांगता येत नाही.

या दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारे एक लहानसे साधन टेलिफोनच्या कामगारांकडे फार पूर्वीपासून आहे. आपल्याकडील नेटवर्कच्या दुकानांत त्याला वायर ट्रॅकर किंवा टोन ट्रेसर म्हणतात. इंग्रजी मुलखातील कामगारांनी त्याला फॉक्स अँड हाउंड, म्हणजे कोल्हा आणि त्याचा माग काढणारा कुत्रा, असे शिकारीचे नाव दिले आहे. नाव तेवढे त्यांच्याकडेच राहू द्यावे, काम मात्र उपयोगाचे आहे. साधनाचे दोन भाग असतात. पहिला टोनर, म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी, बहुधा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी पेटी. तिला दोन लहान चिमटे आणि बहुतेक वेळा टेलिफोन व लॅनच्या खाचेत बसणारी पिन असते. दुसरा भाग प्रोब, म्हणजे जाड पेनासारखी टोकदार कांडी. तिच्या पोटात आवाज वाढवणारे यंत्र व छोटा स्पीकर असतो आणि बाजूला आवाज कमीजास्त करण्याची चकती.

टोनर तारेत एक दुबळा विद्युत संकेत सोडतो. त्याची कंपने माणसाच्या कानाला ऐकू येतील अशा पट्टीत, साधारणपणे सेकंदाला हजाराच्या आसपास असतात. संकेत अंगात असलेल्या तारेभोवती एक क्षीण विद्युत क्षेत्र निर्माण होते. प्रोबचे टोक त्या क्षेत्रात आले की ते क्षेत्र पकडते, आतले यंत्र ते कित्येक पटींनी वाढवते आणि स्पीकरमधून ‘टुंईटुंई’ असा आवाज येतो. यासाठी तारेवरचे प्लॅस्टिक सोलावे लागत नाही. तांब्याला स्पर्शही करावा लागत नाही. पीओपीच्या पातळ पडद्याआडून किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीतूनही आवाज येतो. विटांच्या जाड भिंतीतून तो क्षीण होतो. हा आवाज एकसुरी नसतो, दोन सुरांत हेलकावत असतो, आणि त्याला कारण आहे. दुकानात सर्वत्र विजेच्या पन्नास कंपनांची घरघर भरलेली असते आणि प्रोबला तीही ऐकू येते. सरळ सूर त्या घरघरीत मिसळून जाईल. हेलकावणारा सूर कान लगेच वेगळा काढतो.

टेलिफोनचे कामगार या साधनाचे पहिले मानकरी ठरले, त्यामागे त्यांची गरज होती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. ग्राहक वाढले तशा तारांच्या जोड्या वाढल्या, आणि पुढे एकेका जाड केबलमध्ये शेकडो जोड्या बसवण्याची वेळ आली. केंद्रात पाहिले तर शेकडो टोके, रस्त्यावरच्या पेटीत पाहिले तर पुन्हा शेकडो टोके. यातील अमुक ग्राहकाची जोडी कोणती हे शोधण्यासाठी एका टोकाला सूर सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला कान द्यायचा, याहून सोपा मार्ग नव्हता. केबल तयार करणाऱ्यांनीही हातभार लावला. पंचवीस जोड्यांच्या केबलमध्ये पांढरा, लाल, काळा, पिवळा आणि जांभळा या पाच रंगांची, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी आणि राखाडी या दुसऱ्या पाच रंगांशी सांगड घातलेली असते. पाच पंचे पंचवीस. पांढरा-निळा म्हणजे पहिली जोडी, पांढरा-नारिंगी दुसरी, आणि जांभळा-राखाडी पंचविसावी. तारेला जन्मतःच नाव मिळते आणि ते कधी पुसले जात नाही. दुकानातील वायरमन उरलेल्या रिळातून जो रंग हाताला येईल तो वापरतो, तेव्हा नेमकी हीच सोय हरवते.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे एका किराणा-भुसाराच्या पेढीच्या उदाहरणावरून नीट कळेल. खाली दुकान, मागे गोदाम, वर दोन मजले घर. गल्ला पूर्वेच्या भिंतीकडे सरकवायचा होता आणि त्यामागच्या लाकडी पेटीतून तेवीस तारा जात होत्या. आठ कॅमेऱ्यांच्या, चार लॅनच्या, दोन जुन्या टेलिफोनच्या, दोन स्पीकरच्या आणि एक अनेक शिरांची इंटरकॉमची, इतके घरच्यांना सांगता आले. सहा तारा अज्ञात होत्या. पेढीचे कर्ते अण्णा त्या सहाही कापून मोकळे व्हावे या मताचे होते. बोलावलेला तंत्रज्ञ वयाने लहान, पण सावध होता. तो बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी आला आणि सर्वांत आधी त्याने कुठलीही तार न शोधता विजेकडे लक्ष दिले.

हा टप्पा घाईत ओलांडण्यासारखा नाही. साधा टोनर हा निर्जीव तारेसाठी बनवलेला असतो. त्याचे चिमटे २३० व्होल्टच्या तारेला लावले तर पेटी जळते, आणि ती धरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. प्रोबमधून सूर आला नाही म्हणजे तारेत वीज नाही, असा अर्थ तर मुळीच नव्हे. वीज आहे की नाही हे सांगण्याचे काम त्या साधनाचे नाहीच. त्यासाठी मेन बंद करून, योग्य टेस्टरने प्रत्येक शीर तपासावी लागते, आणि तो टेस्टर चालू आहे हेही आधी एखाद्या चालू सॉकेटवर पडताळून घ्यावे लागते. दुकानांत आणखी एक सापळा असतो, तो इन्व्हर्टरचा. मेन खाली पाडला तरी इन्व्हर्टरवर घेतलेले दिवे, पंखे आणि गल्ल्याचा संगणक यांच्या तारांत वीज वाहतच राहते. जनरेटर असेल तर त्याचीही तीच गोष्ट. या पेढीत इन्व्हर्टर जिन्याखाली होता आणि त्याची एक तार थेट लाकडी पेटीच्या मागून गेली होती. अज्ञात सहांपैकी दोन तारा अशा रीतीने विजेच्या निघाल्या. तंत्रज्ञाने त्यांवर लाल पट्टी गुंडाळली, टोनर त्यांच्या जवळही नेला नाही, आणि परवानाधारक वायरमनकडून त्या तपासून घ्यायला सांगितले. विजेच्या चालू तारांचा माग काढण्यासाठी वेगळी, त्याच कामासाठी बनवलेली साधने असतात. ज्याला ती हाताळता येतात त्यानेच ती हाताळावी.

विजेखेरीजच्या तारांनाही थोडा मान द्यावा लागतो. जुन्या टेलिफोनच्या चालू जोडीत सुमारे अठ्ठेचाळीस व्होल्टचा दाब असतो आणि घंटी वाजताना तो त्याहून पुष्कळ वाढतो. काही कॅमेऱ्यांना लॅन केबलमधूनच वीज पुरवली जाते, तिचाही दाब जवळपास तितकाच असतो. म्हणून तंत्रज्ञाने प्रत्येक केबल आधी डीव्हीआर, राउटर आणि स्विच यांतून काढून घेतली. याला दुसरेही कारण होते. चालू स्विचला जोडलेल्या लॅन केबलमध्ये साधा सूर सोडला तर स्विचमधील भाग तो गिळून टाकतात आणि प्रोबला काहीच ऐकू येत नाही. अशा चालू केबलसाठी डिजिटल प्रकारचे महागडे ट्रेसर मिळतात. सुट्टीच्या दिवशी केबल काढून ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय.

मग सूर सोडण्यास आरंभ झाला. येथे एक बारकावा आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे अनेक जण हे साधन निकामी समजून कपाटात टाकतात. टेलिफोन आणि लॅनच्या तारांत दोन-दोन शिरा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही पिळाची कल्पना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची. १८८१ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही शिरांत सारखाच शिरतो आणि शेवटी एकमेकांना मारून जातो, म्हणून संभाषण स्वच्छ ऐकू येते. परंतु हाच गुण शोधणाऱ्याच्या आड येतो. टोनरचे दोन चिमटे एकाच जोडीच्या दोन शिरांना लावले, तर त्यांची क्षेत्रेही एकमेकांना बरीचशी मारून टाकतात आणि बाहेर येणारा सूर पुसट होतो. यावर तोडगा असा की एक चिमटा एका जोडीच्या शिरेला आणि दुसरा त्याच केबलमधील वेगळ्या जोडीच्या शिरेला, किंवा तपासून घेतलेल्या अर्थिंगला लावायचा. मग सूर मोकळा सुटतो आणि लांबवर, भिंतीआडूनही ऐकू येतो. कॅमेऱ्याच्या केबलची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यात मधल्या शिरेभोवती धातूची जाळी असते. सूर मधल्या शिरेत सोडला तर जाळी त्याला बाहेर पडू देत नाही; तो जाळीतच सोडावा लागतो.

अण्णांचा धाकटा मुलगा फोन कानाला लावून वरच्या मजल्यावर उभा राहिला आणि तंत्रज्ञ प्रोब घेऊन फिरू लागला. पहिली अडचण लगेच आली. सूर एका तारेत सोडला होता, पण प्रोब जुडग्याजवळ नेताच सगळा जुडगाच गाऊ लागला. शेजारीशेजारी वर्षानुवर्षे बांधलेल्या तारा एकमेकींचा सूर उचलतात. नवखा माणूस इथे फसतो. जी तार आधी वाजली तीच आपली असे धरून चालतो. तंत्रज्ञाने जुडग्याची बांधणी सोडली, तारा हाताच्या पंज्यासारख्या फाकवल्या आणि प्रोबचा आवाज कमी कमी करत नेला. आवाज मोठा असताना सगळ्याच तारा सारख्या वाटतात. तो अगदी ऐकू येईल न येईल इतका उतरवला की एकच तार बोलत राहते. ध्वनीच्या बाबतीत कमी ऐकल्याने अधिक कळते, असा हा चमत्कारिक प्रसंग असतो.

तरीही मोठा सूर हा फक्त संकेत असतो, पुरावा नव्हे. पडताळणी वेगळी करावी लागते. टोनरचे दोन्ही चिमटे त्या जोडीच्या दोन शिरांना लावायचे आणि दुसऱ्या टोकाला त्या दोन शिरा एकमेकींना टेकवायच्या. जोडी खरोखर तीच असेल तर सूर तत्क्षणी मालवतो. शिरा दूर केल्या की पुन्हा उमटतो. शेजारच्या तारेने उसना घेतलेला सूर असा मालवत नाही. दोनदा मालवला, दोनदा उमटला की मगच तारेवर क्रमांक चिकटवायचा. या पेढीत तंत्रज्ञाने हा नियम एकदाही मोडला नाही, त्यामुळे तेवीस तारांना जवळजवळ अख्खा दिवस लागला. अण्णांना तो वेळ फार वाटला.

अज्ञात तारांपैकी तिसरी एक साधी टेलिफोनची जोडतार होती. पिवळट पडलेली, गल्ल्याखालच्या एका लहान लाकडी डबीत जाणारी. जुन्या टेलिफोनचीच उरलेली असणार, ही कापायला हरकत नाही, असे खाली सर्वांचे एकमत झाले होते. तंत्रज्ञाने डबीतील बॅटरी काढली आणि सूर सोडला. दुकानाच्या भिंतीवर तो मिळाला, जिन्याच्या वळणावर मिळाला, दुसऱ्या मजल्यावर लाकडी कपाटाआड हरवला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पलंगाच्या उशाशी पुन्हा मोठ्याने उमटला. तिथे भिंतीवर, रंगाखाली अर्धवट झाकलेले एक पांढरे बटण होते.

तंत्रज्ञाने वरूनच फोनवर सांगितले, “अण्णा, ती पिवळी तोडू नका. हिचं टोक आजींच्या खोलीत आहे.”

खाली क्षणभर कोणी बोलले नाही. स्वयंपाकघरातून आलेल्या थोरल्या सूनबाईंनी मात्र न विचारताच उलगडा केला. सासूबाईंचा पाय न्हाणीघरात घसरला होता, त्यानंतर बसवलेली ही घंटी. बटण दाबले की गल्ल्याखाली वाजते. दुपारी वर कोणी नसताना दम लागला, तर खालची माणसे यावीत म्हणून. सासूबाई चार महिन्यांपासून जयसिंगपूरला लेकीकडे होत्या, त्यामुळे घंटी वाजली नव्हती, आणि खालचे पुरुष ती विसरून गेले होते. पुढच्या पंधरवड्यात त्या परत यायच्या होत्या. तार त्या दिवशी कापली गेली असती तर कोणाच्याही काही लक्षात आले नसते. त्यांनी बटण दाबले असते, खाली काही वाजले नसते, आणि कोणी आले नसते.

येथे साधनाच्या बाजूने आणि साधनाविरुद्धही एक गोष्ट नोंदवायला हवी. सुराने तार शोधली हे खरे. पण पक्कड आणि प्रोब हाती घेण्याआधी घरातील बायकांना विचारले असते, तर हे उत्तर एका मिनिटात मिळाले असते. घंटी, गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट, देवघरातील दिवा, मागच्या दाराचे बटण यांची माहिती बहुतेक घरांत त्यांनाच असते, आणि तारांची चौकशी बहुधा पुरुषांपुरतीच होते.

चौथ्या तारेने वेगळेच काम दाखवले. ती गोदामाकडे जाणारी बंद पडलेली लॅन केबल होती. गोदामातील संगणक म्हणूनच दोन वर्षे मोबाइलच्या नेटवर चालत होता. पाचव्या लॅन केबलची कोणाला आठवणच नव्हती. तार तुटली आहे हे मल्टिमीटरने सांगितले होते. कुठे तुटली हे प्रोबने सांगितले. यासाठी तुटलेली एकच शीर टोनरला लावायची, आणि त्याच केबलमधील बाकीच्या शिरा, टोनरच्या दुसऱ्या चिमट्यासह, अर्थिंगला बांधायच्या. त्यामुळे बाकीच्या शिरा सूर पुढे वाहून नेत नाहीत. मग केबलच्या वाटेने प्रोब चालवत न्यायचा. सूर जिथे ओसरू लागतो, त्या हातभराच्या टापूत दोष असतो. तो अगदी एका बिंदूवर थांबत नाही, थोडा पुढे झिरपतो. म्हणून दोन्ही टोकांकडून शोध घेऊन मधली जागा ठरवावी. इथे ती जागा मागच्या दाराच्या चौकटीशी निघाली. प्लॅस्टिकची पट्टी उचलली, तर आत पुरानंतर घाईने मारलेली पिळाची जोड होती, आणि चिकटपट्टीखालचे तांबे हिरवे पडून पावडर झाले होते. केवळ एक वीतभर पट्टी उघडावी लागली. छत फोडण्याची गरज पडली नाही.

सर्वच वेळी इतके यश येत नाही. लोखंडी नळीतून गेलेल्या तारेचा सूर नळी अडवते. तो नळीच्या दोन्ही तोंडांशीच सापडतो आणि मधली वाट अंदाजाने धरावी लागते. ओलसर भिंतीत सूर पसरतो आणि जागा नेमकी कळत नाही. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रोबमध्ये एवढी खरखर करतात की ते बंद केल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. या पेढीतील शेवटच्या दोन अज्ञात तारांपैकी एक गच्चीवरच्या जुन्या अँटेनाची निघाली. दुसरीचा सूर दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये शिरला आणि तिथेच संपला. तंत्रज्ञाने ती कापली नाही. टोके झाकून, तिच्यावर ‘अज्ञात, स्लॅबपर्यंत’ अशी चिठ्ठी लावून ठेवली. जे ठाऊक नाही ते तसेच लिहून ठेवण्याचे धैर्य कारागिरांत दुर्मीळ असते.

क्रमांक लावण्याचे काम दिसते किरकोळ, पण दिवसभराची मेहनत त्यावरच टिकते. क्रमांक दोन्ही टोकांना हवा. एकाच टोकाला लावलेला क्रमांक म्हणजे जमेची बाजू लिहून नावेची बाजू कोरी सोडलेला खतावणीचा पान. मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. त्यापेक्षा विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या छापील आकड्यांच्या बारीक प्लॅस्टिक नळ्या, ज्यांना फेरूल म्हणतात, त्या तारेवर ओवाव्या. जी तार भिंतीत मध्येच जोडली आहे तिची जोड कोणत्या जागी, जमिनीपासून किती उंचीवर, हेही लिहावे. यादीची एक प्रत पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि दुसरी घरच्या कागदपत्रांत ठेवावी, कारण पाणी आले तर पहिली प्रत तारांबरोबरच भिजते. नवे छत किंवा गिलावा होण्याआधी उघड्या भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्र घेऊन ठेवले तर पुढच्या पिढीला प्रोबची गरज क्वचितच पडेल. वायरमनचे अंतिम बिल चुकते करण्यापूर्वी त्याच्याकडून ही यादी मागून घेण्याची प्रथा व्यापारी घरांनी पाडायला हरकत नाही. मालाच्या पावतीशिवाय पैसे देणारी ही घरे नव्हेत, मग तारांच्या बाबतीतच एवढी उदारता का?

अलीकडे दुकानांत येणाऱ्या इंटरनेटच्या काचतंतूच्या केबलला, म्हणजे फायबरला, यातील काहीच लागू पडत नाही. तिच्यात वाहक धातू नसतो, म्हणून सूर तिच्यात शिरतच नाही, आणि टोनर लावून तासभर शोधले तरी प्रोब मुका राहतो. तिच्यासाठी लाल प्रकाश सोडणारी पेनाएवढी निराळी बॅटरी वापरतात. तो प्रकाश दुसऱ्या टोकाशी लाल ठिपका होऊन दिसतो, आणि तंतू जिथे मोडला असेल तिथे पातळ आवरणातून बाहेर झिरपून दिसतो. त्या प्रकाशाकडे किंवा फायबरच्या उघड्या टोकाकडे सरळ डोळा लावून पाहू नये. कंपनीचा चालू प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरी इजा करू शकतो.